शिशाची कील म्हणून मला सळया आणि सिमेंट विकलं

नावेच्या तळाला वजन म्हणून बसवायच्या कीलसाठी ३४० किलो शिशाचे पैसे मोजले. मिळाली २२६ किलोची वस्तू, आणि त्यातही शिसं म्हणजे फक्त वरचं कवच. आत सळयांचे तुकडे आणि सिमेंट. वर्षभर लाजेपोटी जाहीर काही लिहिलं नाही. पण तोच माणूस आजही कामं घेतोय असं कानावर आलं, म्हणून लिहितोय.

साडेसहा मीटरची लाकडी शिडाची नाव. तीन वर्षं, सुट्टीचा एकेक दिवस तिच्यात घातला. कीलचं, म्हणजे नावेच्या तळाच्या कण्याचं, लाकूड मी निवडलं, तासलं, जोडलं. त्याखाली बसणारा शिशाचा बॅलास्ट, म्हणजे नाव कलू नये म्हणून लावायचं वजन, तेवढा बाहेरून ओतून घेतला. "स्वतःच का नाही ओतलास?" असं नंतर प्रत्येकानं विचारलं. शिशाची वाफ आणि धूळ विषारी असते, घरात लहान मूल आहे. साच्यात जराशी ओल राहिली तर वितळलेलं शिसं उसळून अंगावर येतं. म्हणून नाही ओतला. तो निष्काळजीपणा नव्हता.

माणूस ओळखीतून आलेला. बाकी सगळं तुम्हाला पाठ असेल: आधीच्या कामांचे फोटो, "भाव उद्या चढतोय" म्हणून ७० टक्के आजच, उरलेले ३० माल उतरवताना. साचा माझा, मापं माझी. आकार तंतोतंत आला आणि तिथेच मी निर्धास्त झालो. आकार बरोबर म्हणजे वजन बरोबर, असं धरून चाललो. शिशाची घनता लिटरला ११.३४ किलो, माझा साचा ३० लिटरचा, म्हणजे ३४० किलो. कागदावरचं हे गणित मला झोपेतही सांगता आलं असतं, पण समोर आलेली वस्तू काट्याला लावली नाही.

भुईकाट्याची पावती त्यानं दिली होती: ३४२ किलो. ती पावती आजही जपून ठेवली आहे आणि बघितली की डोकं फिरतं. ट्रक तोलणारा भुईकाटा पाच किंवा दहा किलोच्या टप्प्यानं आकडा दाखवतो. ३४२ येईलच कसा? पावती हातात होती, आकडा डोळ्यांसमोर होता, आणि मी ती घडी घालून खिशात टाकली. उतरवताना चार जणांनी दोर लावून ती उचलली, एकदाही खाली न टेकवता. माणशी ८५ किलो असं उचललं जात नाही, हेही मला दिसलं नाही.

पण खरी वेळ होती ती ड्रिलची. बोल्टसाठी १६ मिलिमीटरची सात भोकं पाडायची होती. शिशात ड्रिल घातलं की मऊ, चकचकीत कीस गुंडाळत वर येतो आणि बिट, म्हणजे ड्रिलचं पातं, पुन्हापुन्हा अडकतं. टोकांकडची दोन भोकं अगदी तशी झाली. तपासणारा टोकंच तपासतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. तिसऱ्या भोकात चार बोटं खाली गेलो आणि ड्रिल किंचाळलं. बिटच्या खोबणीतून करडी, कोरडी पूड आली, चिमटीत धरली तर पिठासारखी. मग चकाकणारे कडक तुकडे. बिटचं टोक निळं पडलं होतं.

लगेच फोन केला. म्हणाला, "अँटिमनी आहे साहेब. कडकपणासाठी घालावंच लागतं." अँटिमनी हा धातू शिशात खरंच घालतात, दोन-चार टक्के. त्याच्या खोट्याला तेवढा खऱ्याचा टेकू पुरला. पण अँटिमनीवालं शिसंसुद्धा पटाशीनं कापतं, त्याची पूड होत नाही. साधं लोहचुंबक त्या तुकड्यांना लावलं असतं तर तिथेच सगळं उघडं पडलं असतं. लोहचुंबक दोन हातांवर, अवजारांच्या फळीवर होतं. मी बिट बदललं आणि उरलेली भोकं पाडली. क्रेन दुसऱ्या दिवशीची ठरली होती, तीन वर्षं झाली होती, आणि ३० टक्केही देऊन झाले होते. हे शेवटचं तर कधीच करू नका: ड्रिलचा कीस हातात येईपर्यंत शेवटचा हप्ता सोडायचा नाही.

पाण्यात नाव पाणरेषेच्या सुमारे दीड सेंटीमीटर वर तरंगली. लाकूड हलकं लागलं असेल, अशी समजूत करून घेतली. वारा जरा वाढला की ती इतकी कलायची की बाकीचे पूर्ण शिडावर जात असताना मी शीड आखडून बसायचो. पोराला घेऊन गेलो आहे मी त्या नावेतून. हा विचार आला की अजून पोटात गोळा येतो.

हंगाम संपल्यावर वर काढली तर शिशावरून तांबेऱ्याचे ओघळ. शिसं गंजत नाही! बोल्ट काढायला पाना लावला आणि एक बोल्ट मानेशी तुटला. तुटलेल्या जागी रंग गुलाबी, आतून भुसभुशीत. सिलिकॉन ब्रॉन्झ (खाऱ्या पाण्यात टिकणारा तांब्याचा मिश्रधातू) म्हणून घेतलेले सातही बोल्ट, त्याच माणसाकडून, साधं पितळ निघाले. खारं पाणी पितळातलं जस्त खाऊन टाकतं आणि मागे नुसती तांब्याची जाळी उरते. एक बोल्ट जास्तीचा घ्या, कापा, तपासून घ्या, मगच बाकीचे बसवा. पूर्ण कीलमध्ये शाबूत काय राहिलं, तर किड्यांनी खायचं तर हीच खावी म्हणून तळाला लावलेली लाकडाची बळीची पट्टी. नावेला भोकं पाडणारे शिंपलावर्गातले टेरेडो किडे त्या पट्टीतच अडकले, वरच्या लाकडाला शिवले नाहीत, कारण मध्ये डांबरात भिजवलेला नमदा (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) होता. ती मी लावली होती.

मग तक्रार. पोलीस म्हणाले, दिवाणी प्रकरण आहे. वजनमापांच्या कार्यालयात बिल पुढे केलं, तर साहेबांनी बोट ठेवलं: "यात 'कील, १ नग' लिहिलंय. वजनावर विक्री झालेलीच नाही." मग ही पावती कसली, असं विचारलं, तर म्हणे ती बिलाला जोडलेली नाही! ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर धातूचा अहवाल मागितला. प्रयोगशाळेनं सांगितलं, नमुना दोन्ही पक्षांसमोर सीलबंद झालेला हवा. दुसरा पक्ष फोन उचलत नाही. नावांच्या नोंदणीवाल्यांनी तर मलाच सुनावलं: नाव तुम्ही बांधलीत, म्हणजे बॅलास्टची जबाबदारी तुमची. अकरा चकरा मारल्या. प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न एकच, "नाव घरी कशाला बांधलीत?" फसवलं त्यानं आणि जाब मला विचारला जातोय. त्याला आजवर एक साधी नोटीसही गेलेली नाही.

बिलावर धातूचं नाव आणि किलो लिहून घ्या, नग नाही. क्रेनच्या हुकाला टांगता काटा लावा, पाच मिनिटांचं काम आहे. ओतताना समोर उभे राहा. तो नको म्हणाला तर उठून या.

कील मधोमध कापून अंगणात दोन ओंडक्यांवर ठेवली आहे. कापलेल्या तोंडात अकरा सळयांची टोकं दिसतात, गंजून फुगलेली. पुरावा आहे, हलवायची नाही, असं मला तोंडी सांगितलंय. लेखी द्या म्हटलं, तर अजून दिलेलं नाही.