कॉइलिंगनंतरचा फॉलोअप एमआरए, जुनी सीडी मागून घेणारं सेंटर

आईच्या मेंदूतल्या एन्युरिझमचं (रक्तवाहिनीला आलेल्या फुग्याचं) कॉइलिंग झालंय, म्हणजे त्या फुग्यात बारीक तारेच्या गुंडाळ्या, कॉइल, भरल्यात, त्याचा फॉलोअप एमआरए (एमआरआय मशीनवर होणारा रक्तवाहिन्यांचा स्कॅन) जिथे केला त्या सेंटरबद्दल लिहितेय, कारण लोकांनी खरंच मन लावून काम केलं.

अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारलं की आत कॉइल आहे, क्लिप (फुग्याच्या तोंडाला बाहेरून लावतात तो चिमटा) आहे की स्टेंट (रक्तवाहिनीत बसवतात ती जाळीची नळी), इम्प्लांट कार्ड आणा, आणि कॉइलिंग झाल्यानंतरच्या पहिल्या स्कॅनची सीडीपण आणा, नुसता रिपोर्टचा कागद चालणार नाही. मला हेच सगळ्यात आवडलं. कॉइल बसवल्या म्हणजे विषय संपला असं नसतं ना, रक्ताच्या दाबाने त्या हळूहळू दबल्या जातात आणि फुग्याच्या तोंडाशी परत रक्त शिरायला लागतं, साधारण पाचातल्या एका पेशंटमध्ये असं होतं, त्यातल्या निम्म्यांनाच परत प्रोसिजर लागते, पण हा बदल इतका सावकाश असतो की फक्त मागच्या स्कॅनशी ताडून बघितलं तर सगळं सेमच वाटतं. पहिल्या इमेजशी लावून बघितलं की फरक कळतो.

स्कॅन टाइम ऑफ फ्लाइट पद्धतीने केला, त्यात कॉन्ट्रास्टचं (रक्तवाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून देतात त्या औषधाचं) इंजेक्शन लागत नाही. प्लॅटिनमच्या कॉइल एमआरआयमध्ये फारशा आड येत नाहीत, सीटीत मात्र त्यांच्या चमकेने आजूबाजूचं काही धड दिसत नाही. क्लिप असेल तर उलट, तिथे सीटी अँजिओ बरा पडतो. स्टेंट किंवा फ्लो डायव्हर्टर (दाट जाळीचा स्टेंट) असेल तर नळीच्या आतलं एमआरएवर काळं दिसू शकतं, मग कॉन्ट्रास्ट नाहीतर कॅथेटर घालून करतात ती अँजिओग्राफी, म्हणून तर फोनवर आधीच विचारतात.

रिपोर्टला वेळ लागला पण वाचून समाधान झालं. नुसतं 'कॉइल्ड एन्युरिझम' लिहून सोडलं नाही, रेमंड-रॉय ग्रेड (फुगा कितपत बंद झालाय त्याची श्रेणी) दिली, तोंडाशी किती भाग उरलाय त्याचं माप दिलं आणि पहिल्या स्कॅनच्या तुलनेत बदल नाही असं स्पष्ट लिहिलं, न्यूरोच्या डॉक्टरांना दुसरं काही विचारावंच लागलं नाही.

एक गोष्ट खटकली, मशीनच्या आवाजाची आईला आधी नीट कल्पना दिली नव्हती, इयरप्लग होते तरी ती दचकून हलली आणि एक सीक्वेन्स (स्कॅनचा एक टप्पा) परत घ्यावा लागला. वयस्कर पेशंट असेल तर हे घरूनच समजावून न्या, आणि सीडीची एक कॉपी आपल्याकडे ठेवाच.