'नेब्रास्का' की 'बॉर्न इन द यूएसए'?
अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचे हे दोन अल्बम, 1982 आणि 1984चे. दुखणं एकच: राष्ट्राध्यक्ष रेगनच्या काळात कामधंदा गेलेला अमेरिकन माणूस.

'नेब्रास्का' त्याने न्यू जर्सीत घरीच, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर एकट्याने रेकॉर्ड केला. गिटार, माउथ ऑर्गन, बाकी फारसं काही नाही. 'जॉनी 99' या गाण्यात न्यू जर्सीतल्या माहवा गावचा मोटार कारखाना बंद पडतो, नोकरी गेलेला राल्फ दारूच्या नशेत गोळी झाडतो, न्यायाधीश 99 वर्षं ठोठावतात. आणि चाल चक्क ठेका धरायला लावणारी! हा अल्बम हेडफोन लावून एकट्यानेच ऐकावा.

'बॉर्न इन द यूएसए'ला स्पीकरच हवा. पूर्ण बँड, सिंथेसायझर, दणदणीत ड्रम. शीर्षकगीतात व्हिएतनाम युद्धातून परतलेल्याला रिफायनरीत काम मिळत नाही, हे कडव्यांत आहे. लोक मुठी आवळून गातात ते फक्त ध्रुवपद. 1984च्या निवडणूक प्रचारात खुद्द रेगननी न्यू जर्सीच्या सभेत स्प्रिंगस्टीनचं कौतुक केलं, आता बोला! गंमत म्हणजे या शीर्षकगीताचा कच्चा खर्डा 'नेब्रास्का'वाल्या कॅसेटवरच होता.

माझं मत विचाराल तर आधी 'नेब्रास्का'. दुसरा ऐकताना गाण्याचे बोल समोर ठेवा, नाहीतर नुसता ड्रमच ऐकू येईल.