ट्रॅक्टरच्या पावसाळी केबिनपायी १९,६०० रुपये गेले

आकडा आधीच सांगून टाकतो. एकोणीस हजार सहाशे. अकरा दिवसांत, चार वेळा, माझ्याच हाताने पिन टाकून गेले. हे लिहायला मला आठ महिने लागले, कारण लाज वाटत होती. वाडीत अजून निम्म्या घरांना हे माहीत नाही. पण गेल्या आठवड्यात भाच्याने तीच जाहिरात पुन्हा दाखवली, नाव तेवढं बदललेलं, आणि मग गप्प बसवेना.

माझ्याकडे साडेअठरा हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर आहे. आमच्या खाडीकाठच्या कोपऱ्यांत, म्हणजे भाताच्या छोट्या तुकड्यांत, मोठा ट्रॅक्टर वळतच नाही, त्यामुळे चिखलणीला आजूबाजूच्या तीन वाड्या मलाच बोलावतात. मिरग लागल्यापासून लावणी आटपेपर्यंत मी रोज आठ-नऊ तास त्या सीटवर असतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडणारा आमच्याकडचा पाऊस, आणि त्याचा मोठा वाटा याच दिवसांतला. इरलं घेऊन वडिलांनी बैल हाकले. ट्रॅक्टरवर इरलं चालत नाही, वारा उचलून नेतो. रेनकोट घातला तर आतून घामाने भिजायचं. दोन वर्षांपूर्वी लावणीत न्यूमोनिया झाला, नऊ दिवस दवाखान्यात होतो. तेव्हाच बायको म्हणाली, "अहो, एक तर वर काहीतरी करून घ्या, नाहीतर ट्रॅक्टर विका."

म्हणून केबिन. विकत घ्यायची नव्हती, घरीच करायची होती. वेल्डिंग मला जमतं. चौकोनी पाइपची चौकट, पुढे पारदर्शक शीट, वर पत्रा, बाजूला गुंडाळता येईल असा ताडपत्रीचा पडदा, असं कागदावर काढलंही होतं. मे महिन्यात हायवेवरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो, तर त्याच्याकडे घरांच्या ग्रिलची आणि शेडची कामं तुंबलेली. "काका, जुलैशिवाय हात लावता येणार नाही." जुलैत मला ती केबिन काय कामाची?

त्याच रात्री मोबाईलवर जाहिरात आली. मिनी ट्रॅक्टर केबिन किट, मापाने कापलेले पाइप, ४ मिलिमीटर पॉलीकार्बोनेटची पारदर्शक शीट, रबर बीडिंग, वायपर मोटर, नटबोल्ट सगळं एका खोक्यात, घरी चार तासांत बसवा. २४,५०० रुपये, जीएसटी धरून. पत्ता कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीतला. आता अशा जाहिराती सगळ्यांनीच पाहिल्या आहेत आणि पुढे काय होतं तेही तुम्हाला ठाऊक आहे, ते मी लांबवत नाही. मी त्या विकणाऱ्याला का भुललो तेवढं सांगतो. त्याने पैशांचं नावच काढलं नाही. आधी मापं विचारली. सीटपासून बॉनेटपर्यंत किती, मडगार्डची रुंदी किती, रोलबार (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान) आहे का, असला तर दोन बोल्टचा की चार बोल्टचा. रोटाव्हेटर वर उचलला की मागच्या चौकटीला लागतो का, हेही विचारलं. ज्याला हे सुचतं त्याने ट्रॅक्टर हाताळलेला असणार, असं कुणालाही वाटेल. मी टेप घेऊन संध्याकाळभर मापं घेतली आणि फोटो काढून पाठवले. मी अडाणी नाही, रोज यूपीआयने व्यवहार करतो, कुणाला ओटीपी सांगत नाही, अनोळखी लिंक उघडत नाही. हे सगळं सांभाळूनही फसलो.

आता तो क्षण. यावर मी किती रात्री जागलोय ते माझं मला माहीत.

त्याने "तयार मालाचा" व्हिडिओ पाठवला. पडवीत बसून पाहत होतो, वीज गेलेली, त्यामुळे पडदा अगदी स्वच्छ दिसत होता. लाल रंगाची छोटी केबिन, दार उघडतं, आत सीट, स्टिअरिंग. आणि उजव्या पायाजवळ दोन काळे रबरी होस. अंगठ्याएवढे जाड, क्लॅम्प आवळलेले, इंजिनाकडून येऊन सीटखालच्या पत्र्याच्या पेटीत शिरलेले. मी व्हिडिओ थांबवला. बोटांनी मोठा केला. विचारलं, "हे दोन पाइप कसले?" तो म्हणाला, "काका, वायपरच्या पाण्याचे."

कलमांना पंपाने पाणी घालण्यात माझा जन्म गेला. कुठल्या कामाला केवढा होस लागतो हे मला कुणी शिकवायला नको. वायपरच्या पाण्याची नळी पेनाच्या रिफिलहून थोडी जाड असते, तिला क्लॅम्प लागत नाही, आणि ती काचेकडे जाते, सीटखाली जात नाही. हे सगळं मला त्या क्षणी कळत होतं. तरी मी "बरं" म्हणालो. का म्हणालो? मिरगाला सतरा दिवस उरले होते आणि मला ती केबिन हवी होती, एवढंच उत्तर माझ्याकडे आहे.

पैसे गेल्यावर भाच्याने मूळ व्हिडिओ शोधून काढला. परदेशातल्या कुणी गृहस्थाने बर्फ हटवायच्या आपल्या छोट्या ट्रॅक्टरला हिवाळ्यापुरती केलेली घरगुती केबिन ती. थंडीच्या देशांत लोक इंजिनातलं गरम पाणी दोन होसांतून आत आणतात, लहान रेडिएटरमधून फिरवतात, मागे पंखा लावतात. ते हीटरचे होस होते. व्हिडिओत मागे कोपऱ्यात पांढरा ढीग दिसत होता. मला वाटलं चुन्याची पोती फुटलीत. तो बर्फ होता. कोकणात असली चहूबाजूंनी बंद पेटी बसवली असती तर दहा मिनिटांत काचेला आतून वाफ धरून समोरचा बांध दिसला नसता. मागची बाजू उघडी ठेवायची हे मी स्वतःच माझ्या कागदावर लिहिलेलं होतं.

पैसे असे गेले. ९९९ बुकिंग. मग चाळीस टक्के आगाऊ, म्हणजे ९,८०० मधून ते वजा करून ८,८०१. पाचव्या दिवशी "माल तयार, उरलेल्याचे निम्मे टाका", ७,३५०. नवव्या दिवशी बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आला, आणि अकराव्या दिवशी फोन, "गाडी गगनबावड्याला अडवलीय, ई-वे बिल नाही, २,४५० भरा, डिलिव्हरीच्या वेळी वजा करू." तेही भरले. त्यानंतर चालकाच्या विम्याचे ४,९०० मागितले, तेव्हा बायकोने फोन हातातून काढून घेतला. तिने काढला नसता तर तेही गेले असते, हे लिहिताना मान खाली जाते.

नीट ऐका. ई-वे बिल म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, तो पन्नास हजारांच्या वरच्या मालाला लागतो, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात तर एक लाखाच्या वर. साडेचोवीस हजारांच्या खोक्याला त्याचा संबंधच नाही. आणि ते काढायला सरकारी फी काहीच नसते. "ई-वे बिलाचे पैसे" असं कुणी म्हणालं की फोन ठेवा.

पहिला हप्ता टाकताना यूपीआयवर नाव आलं ते एका बाईचं, कंपनीचं नाही. विचारलं तर म्हणाला, अकाउंटंट मॅडमचं खातं आहे, कंपनीच्या खात्याची आजची लिमिट संपली. पिन टाकायच्या आधी पडद्यावर जे नाव येतं तेच खरं, बाकी सगळं बोलणं.

त्याने बिलही पाठवलं होतं. जीएसटी नंबर २४ ने सुरू होत होता. पत्ता कोल्हापूरचा आणि नंबर गुजरातचा. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, मी खत घेतो त्या दुकानाच्या प्रत्येक बिलावर तो आहे, फडताळात अशी बिलं पडलेली आहेत. नंबरात पंधरा अक्षरं-आकडे असतात, ते मोजा, आणि जीएसटीच्या सरकारी साइटवर टाकून नाव बघा. फुकट आहे, एका मिनिटाचं काम.

बिल्टीवर वजन होतं २२ किलो. त्याच्याच यादीत ४० बाय ४० चा २ मिलिमीटर जाडीचा पाइप लिहिलेला. असा वीस फुटी एक पाइप साडेचौदा किलोच्या आसपास भरतो. चौकटीला तसे निदान अडीच लागतात, शिवाय ४ मिलिमीटरची भरीव शीट चौरस मीटरला पावणेपाच किलोच्या वर. २२ किलोत काय येणार होतं? समोर दुकानात पाइप घ्यायलाही वजन करूनच घ्या, कारण २ मिलिमीटर सांगून १.२ चा देणारे आहेत. तो वीस फुटाला नऊ किलोच्याही खाली असतो.

आता तक्रारीचं. बायकोने फोन काढून घेतला त्याच दिवशी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावायला हवा होता. मी चार दिवस वाट पाहिली, कदाचित गाडी येईल म्हणून. तुम्ही चार मिनिटंही थांबू नका. पैसे समोरच्या खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात, पुढे ते फुटत जातात. हातात यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक ठेवा. माझी नोंद झाली, नंबर मिळाला. खरी वणवण त्यानंतरची.

बँकेत गेलो. साहेब म्हणाले, "पिन तुम्हीच टाकलात ना?" तीन दिवसांत कळवलं की पैसे परत मिळतात असं मी ऐकलं होतं. तो नियम तुमच्या संमतीवाचून गेलेल्या पैशांसाठी आहे, हे त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. निदान त्या बाईच्या खात्यावर तुमच्याकडून काही कळवा, म्हटलं. "पोलिसांचं पत्र आणा." ठाण्यात गेलो. "बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह आणा." आणलं. त्या दिवशी साहेब बंदोबस्तावर. पुन्हा गेलो. "खातं दुसऱ्या राज्यातलं, आमच्या हद्दीत येत नाही." अहो, पैसे मी माझ्या पडवीत बसून टाकले, ती पडवी कुणाच्या हद्दीत आहे? आणि हद्द नसली तरी कुठल्याही ठाण्याला झिरो एफआयआर घेता येतो, नव्या कायद्यात तसं स्पष्ट आहे. फसवणुकीचं कलम आता ४२० नाही, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, हे मी, दहावी शिकलेला माणूस, वाचून गेलो होतो. ते बोललो तर टेबलापलीकडून विचारणा झाली, "केबिन लावायला आरटीओची परवानगी घेतली होती का?" म्हणजे चोर सोडून माझीच चौकशी. शेजारी बसलेला एकजण हसला. एकोणीस हजार म्हणजे यांना चिल्लर वाटते. माझी ती आठवडाभराची चिखलणी आहे, पाठीचा कणा मोडून केलेली. सहा फेऱ्या झाल्या, ऐन लावणीत, भर पावसात, गिऱ्हाइकांची कोपरी तशीच टाकून. शेवटी साधा अर्ज घेतला आणि पोच दिली. गुन्हा नाही. पोच मात्र मागून, शिक्का मारून घ्याच, नाहीतर तुम्ही कधी आलाच नव्हता असं होतं.

तुमच्या बोलण्याचे, बिलाचे, जाहिरातीचे फोटो पैसे देतानाच काढून ठेवा. मी ब्लॉक झाल्यावर शोधायला गेलो, तोवर त्याने आपल्या बाजूचे बरेचसे मेसेज पुसले होते.

केबिन मी शेवटी दिवाळीनंतर स्वतः केली, ११,८४० रुपयांत. शीट घेताना दुकानदार पॉलीकार्बोनेट सांगून ॲक्रिलिक देऊ पाहत होता. कोपऱ्याचा तुकडा मागून वाकवला तर ताडकन तुटला. पॉलीकार्बोनेट वाकतं, तुटत नाही. ज्या बाजूच्या फिल्मवर यूव्ही लिहिलेलं असतं ती बाजू बाहेर, भोक बोल्टपेक्षा थोडं मोठं, म्हणजे उन्हात शीट फुगली तरी तडकत नाही. रोलबारला वेल्डिंग करू नका, भोकही पाडू नका. ट्रॅक्टर उलटला तर जीव त्याच्यावर असतो, आपल्या घरगुती चौकटीवर नाही. मी चौकट क्लॅम्पने धरलीय. खारा वारा दोन पावसांत लोखंड खातो, म्हणून पाइपांची तोंडं बंद करून आधी रेड ऑक्साईड मारला.

नव्या जाहिरातीत किंमत २१,९९९ आहे आणि पत्ता सांगलीचा. व्हिडिओ तोच आहे. लाल केबिन, उजव्या पायाजवळ दोन काळे होस, मागे कोपऱ्यात पांढरा ढीग.