ऑफिसातली प्रिंट: थेट प्रिंटरला सोडावी की एका रांगेतून?

पाच-सात कॉम्प्युटर आणि नेटवर्कवर दोन लेझर प्रिंटर असलेल्या ऑफिसपुढे माझ्या मते दोनच रस्ते आहेत. प्रत्येक कॉम्प्युटरवर प्रिंटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाकून ९१०० पोर्टवर, म्हणजे प्रिंटर थेट डेटा घेतो त्या दारावर, प्रिंट सोडायची, किंवा एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स आणि कप्स (CUPS, प्रिंटची रांग सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवून सगळ्यांच्या प्रिंट त्याच्या रांगेतून पाठवायच्या. विंडोजवरून प्रिंटर शेअर करणं मी धरत नाही. २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट सेवेतली प्रिंटनाइटमेअर नावाची सुरक्षेची त्रुटी उघड झाली आणि त्यानंतरच्या अपडेटपासून ड्रायव्हर घालायलाही ॲडमिनचा पासवर्ड लागतो.

थेट रस्ता सोपा आहे, हे मान्य. राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी पक्का केला की झालं. मध्ये बंद पडायला काही नाही, आणि ट्रे, दोन्ही बाजू वगैरे कंपनीच्या ड्रायव्हरमधले पर्याय जसेच्या तसे मिळतात.

माझं मत फिरलं ते रिटर्नच्या गर्दीत, जुलैअखेरीस. कोणीतरी भलीमोठी पीडीएफ सोडून जेवायला जायचं आणि बाकीचे खोळंबायचे. ९१०० वर नुसता डेटा जातो, जॉब (सोडलेली प्रिंट) कोणाचा हे त्यातून कळत नाही. रांग ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे प्रत्येक टेबलापाशी जाऊन बघा आणि स्क्रीन लॉक असेल तर पासवर्डसाठी फोन करा. प्रिंटरवर कॅन्सल दाबलं तर उरलेला डेटा मधूनच सुरू व्हायचा आणि पानामागून पान वरच्या बाजूला एखादी ओळ निरर्थक अक्षरं घेऊन बाहेर पडायचं.

कप्सचं पान ब्राउझरमध्ये ६३१ पोर्टवर उघडतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून उघडायचं तर तशी परवानगी आधी चालू करावी लागते. ॲडमिन म्हणून लॉगिन केलं की अडकलेला जॉब कोणाचा ते समोर दिसतं. नको असेल तर तिथूनच रद्द करायचा. एका प्रिंटरमध्ये कागद अडकला तर थांबलेले जॉब दुसऱ्यावर हलवता येतात, आणि गर्दीच्या दिवशी मला याचाच सगळ्यात जास्त आधार वाटतो.

तो कॉम्प्युटर मात्र यूपीएसवर हवा, कारण तो बंद म्हणजे सगळ्यांची प्रिंट बंद. प्रिंटर एअरप्रिंटवाला (ॲपलची, वेगळा ड्रायव्हर न लागणारी प्रिंटची सोय असलेला) असेल तर कप्सशी सहसा लगेच जुळतो; नसेल तर लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो का, हे आधी बघा.

दोन-तीन माणसांच्या ऑफिसला थेट रस्ता बहुधा पुरेल. त्याहून जास्त असतील तर मी कप्सच लावेन, आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये आयपी फिल्टर असेल तर फक्त कप्सच्या कॉम्प्युटरचा आयपी चालू ठेवेन. एकानेही थेट प्रिंट सोडली, तरी ती या रांगेत दिसणार नाही.