सबस्क्रिप्शन बंद केल्यावर गाडीत काय उरतं? लीज संपत आल्यावरचा अनुभव

आमच्या इलेक्ट्रिक गाडीची तीन वर्षांची लीज यंदा संपते आहे. पुढची गाडी कुठली, हा विषय रोज जेवताना निघतो. ओळखीचे लोक हल्ली रेंज आणि चार्जिंगच्या आधी विचारतात, "हात सोडून चालते का?" उत्तर "हो, चालते" असंच आहे. पण तेवढ्यावर थांबले तर ऐकणाऱ्याची दिशाभूल होईल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

गाडीच्या कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. मला महिन्याच्या भाड्यावर मिळणाऱ्या ड्रायव्हर असिस्टबद्दल सांगायचं आहे, आणि नाव घेतलं की सगळी चर्चा त्या ब्रँडच्या बाजूने किंवा विरोधात सुरू होते. आमच्या गाडीत ठरावीक हायवेंवर हात सोडता येतात. लेन आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर गाडी सांभाळते, आणि माझे डोळे रस्त्यावर आहेत की नाहीत यावर स्टिअरिंगजवळचा कॅमेरा लक्ष ठेवतो. सुरुवातीचे काही महिने हे सगळं फुकट होतं, नंतर भाडं सुरू झालं.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. माझं ऑफिस पार्सिपनीला, म्हणजे रोजचा रस्ता २८७ नंबरचा हायवे. मुलगी मॅसॅच्युसेट्समध्ये अ‍ॅमहर्स्टला शिकते, त्यामुळे सुट्ट्यांच्या आगेमागे तिकडे फेऱ्या होतात: गार्डन स्टेट पार्कवे, हडसनवरचा मारियो कुओमो ब्रिज, ६८४, मग ८४ वरून हार्टफर्ड आणि तिथून ९१. हे दोन रस्ते एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की एकावरचा अनुभव दुसऱ्याला लागू पडत नाही. सबस्क्रिप्शनचे पैसे वसूल होतात की नाही, हे तुमचा जास्त वेळ कुठल्या रस्त्यावर जातो यावर ठरतं.

आधी लांबचा रस्ता. कनेक्टिकटमधून ८४ वर तासन् तास गाडी चालवणं मला पूर्वी जड जायचं. रस्ता वळणावळणाचा, चढउतार भरपूर, आणि शेजारून मोठे ट्रक. पोहोचल्यावर खांदे भरून यायचे, मुलीच्या खोलीतलं सामान उचलायचं म्हटलं की जिवावर यायचं. हात मोकळे राहिले आणि लेनमध्ये बारीकसारीक स्टिअरिंग फिरवायचं काम गाडीने घेतलं, तेव्हा हा त्रास खरोखर कमी झाला. वेळ तेवढाच लागतो, लक्षही तेवढंच द्यावं लागतं, पण अंग दुखत नाही. पन्नाशीच्या माणसाला याची किंमत कळते आणि ती मी आनंदाने मोजली आहे.

त्याच रस्त्यावर वॉटरबरीला मात्र मी हात आधीच स्टिअरिंगवर ठेवते. तिथे ८४ आणि रूट ८ एकमेकांवर चढलेले आहेत, काही एक्झिट डावीकडून सुटतात, आणि पुलांची कामं निघाली की लेन सरकवलेल्या असतात. जुन्या रेघा खरवडून काढतात, पण तिरप्या उन्हात त्या खरवडलेल्या जागाच नव्या रेघांपेक्षा जास्त चकाकतात. अशा ठिकाणी आमच्या गाडीला क्षणभर कळत नाही की कुठली रेघ धरायची. ती सहसा वेळेत ताबा माझ्याकडे देते, पण त्या "सहसा"वर मी भरवसा ठेवत नाही.

हिवाळ्यातली गोष्ट कुठल्या माहितीपत्रकात नसते. न्यू जर्सीत बर्फ पडायच्या आधी ट्रक रस्त्यावर मिठाचं पाणी सोडत जातात. मागच्या नळ्यांमधून ते पाणी सरळ धारांनी पडतं आणि वाळलं की डांबरावर पांढऱ्या समांतर रेघा उरतात, लेनच्या रेघांना समांतर. जानेवारीत अशा रस्त्यावर आमच्या गाडीचं स्टिअरिंग बारीक चुळबूळ करायचं. गाडी वीतभर डावीकडे जायची, परत मध्ये यायची. धोका झाला असं नाही, पण शेजारच्या लेनमध्ये ट्रक असताना मला ते चालत नाही, मी सिस्टीम बंद करायचे. बर्फाचा चिखल उडून पुढचा सेन्सर झाकला गेला की मग सगळंच बंद, साधा क्रूझ कंट्रोलसुद्धा. तेव्हा बाजूला थांबून फडक्याने पुसायचं, दुसरा उपाय नाही. हे फडकं दाराच्या खणात ठेवलेलं असतं आणि थंडीत दर चार्जिंगला हात त्याच्याकडेच जातो.

उन्हाळ्यात आई नाशिकहून आली होती. पहिल्यांदा मी हात मांडीवर ठेवले तेव्हा ती घाबरून म्हणाली, "अगं, धर ना ते! गाडीला काय कळतंय?" तिला समजावायला मी मान वळवली, तर गाडीने लगेच आवाज करून पुढे बघायला सांगितलं. आई म्हणाली, "ही माझ्याहून कडक आहे." कॅमेऱ्याचा हा कडकपणा काहींना जाच वाटतो. मला तो या सगळ्या पॅकेजमधला सर्वांत कामाचा भाग वाटतो. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने मार्च २०२४ मध्ये अशा १४ सिस्टीम तपासल्या, त्या नेमक्या याच मुद्द्यावर: ड्रायव्हरचं लक्ष आहे की नाही हे गाडी किती नीट बघते. ११ सिस्टीमना सर्वांत खालचा शेरा मिळाला. "स्वीकारार्ह" ठरली ती एकटी लेक्ससची.

आता मूळ मुद्दा. गेल्या वसंतात मी सबस्क्रिप्शन बंद केलं. पुढची गाडी निवडायची तर भाड्याची गोष्ट वगळून मूळ गाडी कशी आहे हे मला बघायचं होतं. महिना संपला आणि स्क्रीनवरचा तो मेनू गेला. उरलं काय, तर पुढच्या गाडीप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा आणि गर्दीत पूर्ण थांबून परत निघणारा क्रूझ, लेन सोडली तर ढकलून आत आणणारी यंत्रणा, आणि आपोआप लागणारा ब्रेक.

२८७ वर एवढंच पुरलं. सकाळी ब्रिजवॉटरपाशी २२ आणि २०२-२०६ ची वाहतूक येऊन मिळते, मग मॉरिसटाउनपाशी गाड्या परत रेंगाळतात. तिथला त्रास हातांना नसतो, पायाला असतो. सतत थांबा, सरका, थांबा. माझा उजवा गुडघा त्याने कुरकुरायचा. पायाचं ते काम किमतीत आलेला क्रूझ करतो, त्याला महिन्याचं भाडं नाही. रोजच्या रस्त्यावर मला सबस्क्रिप्शनची उणीव जाणवलीच नाही, आणि इतके महिने मी ऑफिसच्या रस्त्यासाठी पैसे भरते आहे अशी जी समजूत होती ती गळून पडली. ऑगस्टमध्ये मुलीला सोडायला निघालो तेव्हा एका महिन्यासाठी परत चालू केलं. थँक्सगिव्हिंगला परत. मधल्या महिन्यांत बंद. ज्यांना वर्षभर चालू ठेवायचं ते ठेवोत, पण महिन्याच्या बोलीवर मिळणारी गोष्ट महिन्याच्याच हिशोबाने घ्यावी.

एकरकमी विकत घेण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे, लीजवर तर नक्कीच. टेस्लाच्या फुल सेल्फ-ड्रायव्हिंगचे, म्हणजे त्यांच्या ड्रायव्हर असिस्टच्या महागड्या पॅकेजचे, आकडे सगळ्यांना माहीत आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये ते १५,००० डॉलरला होतं, एप्रिल २०२४ मध्ये ८,००० ला आलं. त्याच सुमारास मासिक भाडं १९९ वरून ९९ डॉलर झालं आणि नावाला "सुपरवाइज्ड" जोडलं गेलं, म्हणजे लक्ष तुम्हीच ठेवायचं. जानेवारी २०२५ मध्ये एलॉन मस्क यांनी मान्य केलं की ज्यांनी हे विकत घेतलं त्यांच्या हार्डवेअर ३ च्या, म्हणजे जुन्या पिढीच्या, गाड्यांमधले कॉम्प्युटर बदलावे लागतील. जानेवारी २०२६ मध्ये त्यांनीच जाहीर केलं की १४ फेब्रुवारीनंतर एकरकमी विक्री बंद, फक्त मासिक भाडं. ज्यांनी पूर्ण पैसे भरले त्यांचा माल घसरत्या किमतीचा निघाला, आणि गाडी बदलताना तो नव्या गाडीवर नेता येईल की नाही हे त्या वेळी कंपनीची सवलत चालू आहे का, यावर अवलंबून राहिलं.

त्याच जानेवारीत आणखी एक बदल झाला, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत टेस्लाच्या नव्या मॉडेल ३ आणि मॉडेल वाय गाड्यांमध्ये लेन सांभाळणारं ऑटोस्टिअर किमतीत यायचं, ते थांबलं. मूळ गाडीत आता फक्त अंतर राखणारा क्रूझ. म्हणजे काल जे गाडीबरोबर मिळत होतं ते उद्या भाड्याच्या बाजूला सरकू शकतं. न्यू जर्सीच्या विधिमंडळात २०२२ मध्येच एक विधेयक मांडलं गेलं होतं, की गाडीत आधीच बसवलेल्या सुविधांवर भाडं लावता येऊ नये. त्या मागणीत मला तथ्य वाटतं. कॅमेरे आणि मोटरचे पैसे आपण गाडी घेताना भरलेले असतात. नकाशे आणि अपडेटसाठी सतत खर्च येतो हे मान्य, त्याचं भाडं जरूर घ्यावं, पण लेनच्या मधोमध राहायचंही भाडं?

आणि हे सगळं सुरक्षिततेच्या नावावर विकलं जातं तेव्हा मला राग येतो. आयआयएचएस आणि तिच्या जोडीच्या एचएलडीआय या संस्थांनी जुलै २०२४ मध्ये निसान आणि बीएमडब्ल्यूच्या गाड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा अर्ध्या-स्वयंचलित सिस्टीममुळे अपघात कमी होतात याचा फारसा पुरावा त्यांना मिळाला नाही. अपघात टाळायला ज्याचा खरा उपयोग होतो तो आपोआप लागणारा ब्रेक आज जवळपास प्रत्येक नव्या गाडीत किमतीतच येतो, आणि सरकारच्या २०२४ च्या नियमानुसार सप्टेंबर २०२९ पर्यंत तो सक्तीचा होणार आहे. मार्च २०२४ मध्ये फिलाडेल्फियात आय-९५ वर रात्री फोर्डची एक इलेक्ट्रिक मस्टँग माक-ई थांबलेल्या गाड्यांवर आदळली आणि दोन माणसं गेली. सरकारी तपासात ब्लूक्रूझ, म्हणजे फोर्डची हात सोडून चालवायची सिस्टीम, चालू असल्याचं नोंदलं गेलं. जानेवारी २०२५ मध्ये सुमारे १,२९,००० गाड्यांबद्दलचा तो तपास पुढच्या, जास्त सखोल टप्प्यात गेला. फिलाडेल्फिया आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. हायवेच्या वेगात समोर स्थिर उभी असलेली गाडी ओळखणं हा अशा सिस्टीमचा जुना कच्चा दुवा आहे. पूल, पाट्या, कठडे यांना बघून उगाच ब्रेक लागू नये म्हणून स्थिर वस्तूंचे संकेत गाळले जातात, आणि त्या गाळणीत खरी गाडीही निसटू शकते. म्हणून रात्री मी हात सोडत नाही. घरच्यांनाही तेच सांगितलं आहे, आणि त्यात सवलत नाही.

पुढच्या गाडीचं गणित आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही. आम्ही लीज घेतली तेव्हा ७,५०० डॉलरची केंद्रीय सवलत लीजच्या हप्त्यात उतरली होती. ती ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. न्यू जर्सीत तेव्हा इलेक्ट्रिक गाडीवर विक्रीकर नव्हता, आता १ जुलै २०२५ पासून पूर्ण ६.६२५ टक्के आहे. वर जुलै २०२४ पासून इलेक्ट्रिक गाडीला वार्षिक २५० डॉलरचं जादा शुल्क, दर वर्षी १० ने वाढणारं, आणि नव्या गाडीसाठी चार वर्षांचं एकदम. हे सगळं भरल्यावर महिन्याच्या भाड्याकडे "तेवढंच काय ते" म्हणून बघता येत नाही.

आमच्या यादीत आता दोन गाड्या उरल्या आहेत. एक ह्युंदाई आयोनिक ५. तिच्यातली हायवे ड्रायव्हिंग असिस्ट लेन आणि अंतर दोन्ही सांभाळते, हात स्टिअरिंगवर ठेवावा लागतो, पण भाडं नाही. २०२५ च्या मॉडेलपासून तिला टेस्लाच्या पद्धतीचा चार्जिंग पोर्ट आहे, आणि ३५० किलोवॅटच्या चार्जरवर १० वरून ८० टक्के व्हायला वीसएक मिनिटं लागतात. अ‍ॅमहर्स्टच्या वाटेवर हे मला हात सोडण्यापेक्षा जास्त मोलाचं आहे. दुसरी शेवरोले इक्विनॉक्स ईव्ही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मॉडेलची रेंज ३१९ मैल, किंमत आटोक्यात, आणि हात सोडता येणारा सुपर क्रूझ घेता येतो. जनरल मोटर्स तो २०१७ पासून विकते आहे आणि तो आधी मोजलेल्या हायवेंवरच चालतो, ही मर्यादा मला गुणच वाटते. फक्त तिच्यात कारप्ले, म्हणजे आयफोन गाडीच्या स्क्रीनवर वापरायची सोय, नाही. नवऱ्याचा जीव तिथे अडकला आहे, माझा नाही. फोर्डच्या ब्लूक्रूझचं भाडं ऑक्टोबर २०२४ मध्ये ७५ वरून ४९.९९ डॉलरवर आलं आणि ते महिन्यापुरतं घेता येतं, हे मला पटलं होतं. पण वर लिहिलेला तपास वाचल्यावर माक-ई आम्ही यादीतून काढली.

टेस्ट ड्राइव्हला जाणाऱ्यांना एकच सांगेन. शोरूमच्या गाडीत सगळं चालू असतं, आणि सेल्समन तुम्हाला पहिल्यांदा हात सोडायलाच लावतो. त्याला सांगा, पैसे भरायचे थांबवल्यावर जे राहील तेवढंच चालू ठेवा, आणि मग गर्दीच्या वेळी तुमच्या रोजच्या रस्त्यावर घेऊन चला. फुकटची मुदत किती महिने, नंतर भाडं किती, लीज मध्येच मोडली तर काय, हे लेखी घ्या. आम्ही इक्विनॉक्ससाठी शनिवारची वेळ मागितली होती, ती बदलून आठवड्यातल्या दिवशी सकाळी साडेसातची घेतली, कारण शनिवारी २८७ मोकळा असतो.