नोझल पिशवीत घेऊन जा : वणीतल्या एका पंप-नोझल दुकानाविषयी

जुनी डिझेल गाडी घरच्या घरी सांभाळणाऱ्या माणसाचे पाने-पक्कडीवाचून फारसे अडत नाही. ऑइल बदलणे, फिल्टर टाकणे, ब्रेकचे लायनर बसवणे ही कामे अंगणातल्या निंबाखाली होतात आणि त्यासाठी लागणारी गोटी पान्यांची पेटी आता तालुक्याच्या कोणत्याही हार्डवेअरमध्ये मिळते. घोडे अडते ते इंजिनात डिझेल फवारणारे नोझल आणि त्यांना दाबाने डिझेल पुरवणारा पंप यांच्यापाशी. नोझल किती दाबावर उघडतो आणि कसा फवारतो हे डोळ्यांनी किंवा हाताने कळत नाही, त्याला टेस्टर लागतो. आणि टेस्टर असलेली बहुतेक दुकाने सुटे काम घ्यायला तयार नसतात. गाडी आणून लावा, असे ते सांगतात, आणि एकदा गाडी त्यांच्या शेडमध्ये लागली की नोझलच्या कामाला पंपाचे, पंपाच्या कामाला क्लचचे अशी शेपटे जोडली जातात.

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या बसस्थानकामागे पाटी नसलेले एक छोटे दुकान आहे, तेथे मात्र खोललेले नोझल पिशवीतून आणले तरी आनंदाने तपासून देतात. या परिसरात अशी दुकाने टिकून आहेत याचे कारण कोळसा. वणीभोवती वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आहेत, कोळशाच्या ट्रकांची ये-जा बारमाही आहे आणि खेड्यापाड्यांतले ट्रॅक्टर वेगळेच. आमच्यासारख्या एखाद्या जुन्या कारवाल्याचे काम म्हणजे त्यांच्या धंद्यातली चिल्लर; तरी ती चिल्लर ते मनापासून मोजतात, म्हणून हे लिहीत आहे.

माझ्याकडे २००५ सालची डिझेल इंडिका आहे. ही गाडी १९९८ च्या अखेरीस बाजारात आली. तिच्या १४०५ सीसीच्या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न फवारता हेडमधल्या एका लहानशा कप्प्यात फवारले जाते. या रचनेमुळे इंजिन तुलनेने मवाळ चालते, परंतु थंडीत त्याला तो कप्पा आधी तापवणाऱ्या हीटर प्लगची मदत लागतेच. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या आमच्या भागात डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे चांगल्याच गारठ्याच्या असतात, आणि सेल्फ बराच वेळ फिरूनही इंजिन पकडत नाही ही तक्रार नेमकी तेव्हाच डोके वर काढते. माझी गाडीही सकाळी पांढरा धूर ओकू लागली होती. आधी हीटर प्लग घरी तपासले. त्यांना जोडणारी पट्टी काढून, बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या टेस्ट लॅम्पचे टोक एकेका प्लगला लावले. दिवा पेटला की प्लगची तार शाबूत आहे, नाही पेटला की तो प्लग मेला. चारही प्लगवर दिवा पेटला, त्यामुळे संशय नोझलवर आला.

मालक साठीकडे झुकलेले गृहस्थ आहेत. पहिल्या खेपेला मी गाडी घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी बॉनेटसुद्धा उघडले नाही. "दादा, गाडी कायले आनता एवढ्या दूरून? नोझल खोलून आना, पाइपाचे तोंड मात्र बांधून ठेवा," एवढे सांगून त्यांनी मला परत पाठवले. खोलण्याची रीतही त्यांनीच सांगितली. आधी नोझलभोवतीचा परिसर डिझेल आणि ब्रशने धुऊन वाळू द्यायचा, म्हणजे काळ्या मातीचा कण आत पडत नाही. पाइप सोडवण्याआधी सिलिंडरचे क्रमांक घालायचे. नोझल निघाल्यावर त्याच्या खड्ड्यात चिकटून राहिलेला जुना वॉशर आठवणीने उकरून काढायचा. हा वॉशर तसाच राहिला आणि त्यावर नवा बसला, तर नोझल पुरता बसत नाही आणि तेथून कॉम्प्रेशन गळते.

तपासणी ते गिऱ्हाइकासमोर करतात, आणि या दुकानाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच आहे. टेबलावर हाताने दाबायच्या दांड्याचा टेस्टर आहे, त्याला दाब दाखवणारे घड्याळ लावलेले आहे आणि नोझलच्या तोंडाखाली एक काचेची बरणी असते. दांडा सावकाश दाबला की काटा चढत जातो, एका ठिकाणी क्षणभर थबकतो आणि नोझल कर्रकर्र आवाज करत धुक्यासारखा फवारा सोडतो. या जातीच्या इंजिनांचे नोझल साधारण १२० ते १५० बार दाबावर उघडतात. माझ्या चारपैकी दोन नोझलांचा आवाज कोरडा, तुटक आणि फवारा स्वच्छ शंकूसारखा होता. तिसऱ्याचा फवारा एका बाजूला झुकलेला होता. चौथा तर फवारण्याआधीच टपकू लागला. मग त्यांनी दाब उघडण्याच्या मर्यादेच्या थोडा खाली रोखून धरला आणि मला मनातल्या मनात दहा अंक मोजायला सांगितले. चांगल्या नोझलचे टोक तेवढा वेळ कोरडे राहिले, चौथ्याच्या टोकावर थेंब जमला. सकाळच्या पांढऱ्या धुराचा उगम असा समोर दिसला. फवाऱ्यासमोर बोट धरण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो, पण त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते. ते स्वतः हात बरणीपासून लांब ठेवतात आणि लहान मुलांना टेबलाजवळ फिरकू देत नाहीत.

चौथ्याची सुई आणि बॉडी जोडीनेच बदलली, कारण या दोघांची घासाई एकमेकांसाठीच केलेली असते आणि एकाची सुई दुसऱ्यात चालत नाही. तिसरा साफसफाईवर सुधारला. मग आतल्या स्प्रिंगमागच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, बदलून त्यांनी चारही नोझल एकाच दाबावर आणले. शिम जाड घातली की दाब वाढतो, पातळ घातली की उतरतो. तपासणी आणि सफाईची मजुरी ४०० रुपयांच्या आसपास झाली, नव्या सुट्या भागाचे वेगळे पडले. देताना त्यांनी प्रत्येक नोझलच्या टोकावर सायकलच्या व्हॉल ट्यूबचा कापलेला तुकडा चढवला आणि चारही नोझल स्वच्छ कागदात स्वतंत्र गुंडाळले. नवे वॉशर मागावे लागले नाहीत, ते कागदातच होते.

तरीही मला या दुकानाचे मोल पटले ते त्यांनी न केलेल्या कामामुळे. नोझल बसवल्यावर धूर गेला, पण रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या सेल्फला पकडेना. आता पंपच गेला असे आमच्या गावातल्या सगळ्या जाणत्यांचे मत पडले. अशा वेळी पंप उतरवून घेणारे दुकान शोधायला लांब जावे लागत नाही. येथे मात्र मालकांनी हातात वीतभर पारदर्शक नळी ठेवली आणि फिल्टर व पंप यांच्यामध्ये ती जोडून सकाळी तिच्यात बुडबुडे दिसतात का ते पाहायला सांगितले. बुडबुडे दिसले. म्हणजे पंप धडधाकट होता, लाइन कोठून तरी हवा धरत होती आणि रात्रीतून डिझेल टाकीकडे उतरत होते. शोध घेता नोझलांवरून जाणारी रिटर्नची, म्हणजे उरलेले डिझेल परत नेणारी, कापडी नळी दोन ठिकाणी तडकलेली सापडली. उन्हाळे सोसून तिचे रबर कडक झाले होते. ती नळी बदलण्याचा खर्च सांगण्याजोगाही नाही. पंप विनाकारण उतरवला असता, तर टायमिंगची, म्हणजे डिझेल कोणत्या क्षणी फवारायचे त्याची, खूण जुळवण्यापासून सगळे पुन्हा करावे लागले असते, आणि रोटरी पंपाचे टायमिंग थोडे जरी सरकले तरी इंजिन ठोकू लागते किंवा पिकअप मरते.

लाइनमधली हवा काढण्याचे काम घरचेच. फिल्टरवरचा हातपंप घट्ट लागेपर्यंत दाबायचा, नोझलला जोडलेल्या पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारायचा आणि डिझेल उसळू लागले की एकेक नट आवळायचा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक फिरवू नये, नाहीतर नोझल वाचवण्याच्या नादात सेल्फ जळतो.

उणिवाही आहेत. पावती मिळत नाही, मागितली तर कोऱ्या कागदावर आकडा लिहून देतात; त्यामुळे बदललेल्या भागाची हमी निव्वळ तोंडी राहते. फोन ते उचलतीलच असे नाही. नोझल ठेवून जायचे झाल्यास आपणच नोझलांना तारेने चिठ्ठी बांधावी, कारण त्यांच्या ट्रेमध्ये चार-पाच गिऱ्हाइकांचे सामान शेजारी शेजारी पडलेले असते आणि ओळख पटवण्याची भिस्त सगळी त्यांच्या स्मरणशक्तीवर आहे. वेळेचे गणितही सांभाळावे लागते. मृगाच्या आधीचे पंधरा दिवस आणि सोयाबीन निघण्याचा हंगाम या काळात ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रांचे पंप रांगेत असतात, आणि शेतकऱ्याचे काम ते आधी करतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण कारवाल्याने पोळा झाल्यावर किंवा संक्रांतीच्या सुमारास जावे, म्हणजे बसल्या बैठकीत काम होते.

पंधरा वर्षे उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. ज्यांची ती वेळ जवळ आली आहे त्यांनी आरटीओत जाण्याआधी नोझल तपासून घ्यावेत. बीएस-४ या प्रदूषण मानकापूर्वीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट (धुराचा दाटपणा मोजायचे माप) आहे, पण टपकणारा नोझल असलेली गाडी तीही ओलांडू शकते, आणि मग पीयूसीच्या नळकांड्यासमोर एक्सलेटर दाबत बसण्यात अर्थ राहत नाही.

कॉमन रेल इंजिन असलेल्यांनी येथे येऊ नये. त्या नोझलांचा दाब हजार बारच्या वर जातो, ते विजेवर उघडतात आणि त्यांना संगणकावर चालणारे बेंच लागते; ते या दुकानात नाही आणि मालक तसे स्पष्ट सांगून नागपूरला पाठवतात. वायरिंगचे कामही ते घेत नाहीत. साधा यांत्रिक पंप असलेली जुनी इंडिका, सुमो, अॅम्बेसेडर किंवा जीप ज्यांच्या अंगणात उभी आहे आणि नोझल स्वतः खोलण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनी जुने डिझेल लागले तरी चालेल अशी कापडी पिशवी घेऊन दुपारच्या आत पोहोचावे, कारण टेस्टरवरची कामे ते सकाळीच उरकतात.