सिकलसेल: सोल्युबिलिटी की एचपीएलसी?

नागपुरात लग्न जमवताना पत्रिकेआधी सिकलसेलचा रिपोर्ट मागणारी घरं आता भेटतात. सिकलसेल हा आईवडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार, तेव्हा बरंच आहे. पण रिपोर्ट कोणता?

सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त. बोटातल्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत होते. द्रावण गढूळ झालं, म्हणजे सिकल हिमोग्लोबिन आहे. एवढंच. माणूस एएस, म्हणजे नुसता वाहक (स्वतः आजारी नाही, पण दोष मुलांकडे जाऊ शकतो), की एसएस, म्हणजे रुग्ण, हे ती सांगत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात तर तिच्यावर विसंबूच नये. गर्भातलं हिमोग्लोबिन तेव्हा बरंच शिल्लक असतं.

एचपीएलसी या दुसऱ्या रक्तचाचणीला यंत्र लागतं, पैसेही जास्त. पण ती हिमोग्लोबिनचे प्रकार टक्केवारीनिशी वेगळे करते. शिवाय बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहकही सापडतो, जो सोल्युबिलिटीत 'निगेटिव्ह' म्हणून सुटतो. एक जोडीदार सिकलचा आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असला, तरी प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के!

गावच्या शिबिरात शेकडो जणांना चाळायला पहिली ठीक. लग्नाआधी मात्र दोघांचीही एचपीएलसीच करा. जनुकात बदल करणाऱ्या कॅसगेव्ही उपचाराला अमेरिकेत २०२३ मध्ये मंजुरी मिळाली खरी, पण किंमत २२ लाख डॉलर. त्या भरवशावर तारीख काढू नका.